अण्णांच्या आवाजाची मूळ प्रत

माझ्या साडूवर मी जळतो, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. ते खोटं आहे. मी फक्त कायदा पाळतो, आणि तो पाळताना दर वेळी नेमका साडूच आडवा येतो, याला माझा इलाज नाही.

साडूचं नाव प्रमोद. माझ्या बायकोच्या, म्हणजे वंदनाच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या प्रयत्नात (हे मी सहज सांगितलं, त्यात काही हेतू नाही). नागावला त्याची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि वाडीत होमस्टे आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं त्याच्या झोपाळ्यांवर लोळतात, थंडीत त्याच्या हातची, मडक्यात भाजलेली वालाच्या शेंगांची पोपटी खातात आणि जाताना ‘प्रमोददादांसारखा माणूस होणे नाही’ असं लिहून जातात. मी तालुक्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मला आजवर कोणी असं काही लिहून दिलेलं नाही. ‘सर, दंड माफ करा ना’ यापलीकडे माझ्याशी कोणी फारसं बोलतही नाही.

सासरी पंगत बसली की सुरमईची मधली तुकडी प्रमोदच्या ताटात जाते. मला शेपटी. सासूबाई वर म्हणतात, “तुम्ही वाचणारी माणसं, काटे बरोबर शोधून काढता.” वाचनाचा आणि काट्यांचा संबंध काय, ते मी अजून शोधतो आहे.

पण तुकडीचं एक वेळ सोडा. खरी बोच वेगळीच होती. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, मला ‘जावईबापू’ म्हणतात. ‘या, बसा, घ्या’ म्हणतात. आणि प्रमोदला? “अरे पम्या, इकडे मर!” माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अण्णांनी मला एकदाही ‘अरे’ म्हटलेलं नव्हतं. ‘इकडे मर’ तर फारच लांबची गोष्ट.

प्रमोदकडे नाहीत अशा माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या. एक माझी पदवी आणि दुसरी अण्णांची सीडी.

पदवीचं आधी सांगतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. बाबा चौलमधल्या लोकांच्या वाड्यांमध्ये माडांवर चढून नारळ पाडायचे. मी पदवीचं प्रमाणपत्र घरी आणलं, तेव्हा बाबांनी हात साबणाने धुतले, पंच्याला पुसले, आणि मगच त्या कागदाला एक बोट लावलं. बाबा आता नाहीत. पण तेव्हापासून ‘मूळ प्रत’ हे शब्द ऐकले की मला आपोआप हात धुवावेसे वाटतात. शाळेतल्या गुरुजींनी फीचं बघितलं, आईने अंगावरचं मोडलं, बाबा माडांवर चढत राहिले, म्हणून तो एक कागद आला. अशा कागदाची नक्कल कपाटात ठेवायची आणि मूळ प्रत पत्र्याच्या पेटीत, मऊ फडक्यात गुंडाळून, हे मी तेव्हाच ठरवलं.

पहिल्या पगारात मी सीडी प्लेअर घेतला. पुढे दर महिन्याला एकेक सीडी घेत गेलो, दुकानातून, वेष्टनासकट, कंपनीचीच. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या चोरीच्या सीडींकडे मी कधी वाकडी नजरसुद्धा टाकली नाही. मात्र आमच्या किनाऱ्याची खारी हवा खिडकीचे गज खाते, सायकल खाते, आणि तेवढ्याने पोट भरलं नाही तर सीडीवर बुरशीची रांगोळी काढते. तेव्हा मी पदवीचाच नियम सीडींना लावला. प्रत्येक सीडीची एक नक्कल काढायची. नक्कल रोज ऐकायची आणि मूळ प्रत फडक्यात गुंडाळून पेटीत. पदवीच्या शेजारी.

आई ओटीवर वाल सोलता सोलता हे सगळं बघत असायची. ती काही बोलायची नाही. मला वाटायचं, तिला कौतुक वाटतंय.

पुढे ग्रंथपालांसाठी प्रताधिकार कायद्यावर एक दिवसाची कार्यशाळा झाली. बाकीचे चहाची वाट बघत होते, मी टिपणं काढत होतो. व्याख्यात्यांनी छान समजावलं. सीडी विकत घेतली म्हणजे चकती तुमची होते, तिच्यातलं गाणं तुमचं होत नाही. स्वतःपुरती, जपणुकीसाठी एक नक्कल घरात ठेवली, तर ते समजण्यासारखं आहे. पण ती नक्कल वाटायची नाही, उसनी द्यायची नाही, चारचौघांत वाजवायची नाही. आणि मूळ प्रत तुमच्याकडे नसेल, तर नक्कल ठेवायला तुम्हाला तोंड नाही. मला हे इतकं पटलं, की कार्यशाळेचं प्रमाणपत्र मी चौकटीत घालून भिंतीवर लावलं. प्रमोदच्या भिंतीवर असं काही नाही. नुसते पाहुण्यांबरोबरचे फोटो आहेत.

आता अण्णांची सीडी.

अण्णा आमच्या भागातले नावाजलेले भजनीबुवा. आपल्या मंडळाबरोबर त्यांनी ऐन उमेदीत एक सीडी काढली होती. कंपनी छोटी होती, ती पुढे कधी बंद झाली ते कळलंसुद्धा नाही. अण्णांना मिळालेल्या प्रती पाहुण्यारावळ्यांना वाटण्यात संपल्या, उरलेल्या दोन बुरशीने नेल्या, एक रेवसच्या मेहुण्याने ऐकायला नेली ती तिकडचीच झाली. इंटरनेटवर शोधलं तर त्या नावाने भलत्याच कोणाचं तरी लग्न दिसतं. थोडक्यात, अण्णांचा तो तरणा आवाज जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता. माझ्या पेटीत.

कारण ती सीडी मी विकत घेतली होती! चौलच्या जत्रेत, लग्नाच्या आधी, अण्णा कोण हे ठाऊक नसताना. पुढे वंदनाचं स्थळ आलं आणि बोलता बोलता हे निघालं, तेव्हा अण्णा बसल्या जागी सरळ झाले. “पैसे देऊन घेतलीत?” त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. पत्रिका मग कोणी पाहिलीच नाही. सासरी माझी जी काही पत आहे, ती त्या चकतीवर उभी आहे. अण्णांचा आवाज पैसे देऊन घेणारा एकमेव जावई! (जावई दोनच आहेत, हे मान्य.)

आणि नेमकी तीच सीडी प्रमोदने मागितली.

अण्णांची पंचाहत्तरी जवळ आली होती. कार्यक्रम प्रमोदच्या वाडीत ठरला. (कुठे ठरणार दुसरीकडे?) आम्ही सगळे बोलणी करायला नागावला जमलो होतो. प्रमोद म्हणाला, “दादा, अण्णांची सीडी द्या ना दोन दिवस. पेनड्राइव्हवर घेतो. पंचाहत्तरीला वाजवू, आणि मग रोज सकाळी पाहुण्यांना पण ऐकवता येईल. चहाबरोबर.”

माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. झोपाळ्यावर पाहुणे, हातात चहा, हवेत अण्णांचा आवाज, आणि पाहुणे म्हणतायत, ‘प्रमोददादा, काय तुमची आवड आहे!’

“तसं करता येत नाही,” मी म्हणालो.

“का? सीडी खराब होते?”

“कायदा आहे. मूळ प्रत माझी. मी माझ्यापुरती नक्कल काढू शकतो. तुला काढून दिली की ती वाटप झाली. तू पाहुण्यांना ऐकवलीस की तो धंदा झाला.”

“घरातल्या घरात कसलं हो वाटप?”

“घर आणि होमस्टे यात फरक आहे.”

अण्णा इतका वेळ सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “जावईबापू, आवाज कोणाचा हाय त्यात?”

“तुमचा.”

“मग मी सांगतो, पम्याला एक काढून द्या.”

“अण्णा, आवाज तुमचा आहे. पण रेकॉर्डिंग कंपनीचं आहे. तुम्हीसुद्धा परवानगी देऊ शकत नाही.”

“म्हंजे माझ्या गळ्याची नक्कल मला न्हाय करता येत?”

“गळ्याने करता येते. पेनड्राइव्हवर नाही.”

अण्णांनी अडकित्ता पुन्हा उचलला. मग सासूबाईंना म्हणाले, “शिकल्याली मानसं, काय तरी असंल खरं.” वंदनाने माझ्याकडे जे बघितलं, त्याचं वर्णन मी करत नाही.

पण मी थांबलो नाही. उत्साहाच्या भरात मी हेही सांगितलं, की मूळ प्रत जवळ नसताना नक्कल बाळगणं म्हणजे चोरीचा माल बाळगणं. हे ऐकून वंदनाच्या बहिणीने हळूच पदर तोंडाला लावला. चौकशी करता कळलं, की वंदनाने माझ्या नकला मधूनमधून बहिणीकडे पाठवल्या होत्या, आणि प्रमोदच्या पेनड्राइव्हवर माझा निम्मा संग्रह होता. पाहुणे ज्या आवडीचं कौतुक करत होते, ती माझी आवड होती!

“पुसून टाक,” मी म्हणालो.

“आत्ता?”

“आत्ता.”

प्रमोदने वाद घातला नाही. त्याने लॅपटॉप आणला आणि माझ्यादेखत सगळं पुसलं. समोरच्या झोपाळ्यावर एक पुण्याचं जोडपं बसलं होतं. त्यातल्या बाई म्हणाल्या, “प्रमोददादा, इतका प्रामाणिक माणूस आम्ही पाहिला नाही हो.” आणि त्यांनी तेही लिहून दिलं.

नियम मी सांगितला, संग्रह माझा, आणि प्रामाणिक कोण? पुसणारा!

“मग पंचाहत्तरीला काय वाजवायचं?” सासूबाईंनी विचारलं.

“मूळ प्रत,” मी म्हणालो. “मी स्वतः घेऊन येईन. माझ्या प्लेअरवर लावीन. घरचं धार्मिक कार्य आहे, पूजा आहे, त्यात वाजवायला कायद्यात सूट आहे. मी तपासलंय.”

अण्णांचा चेहरा जरा उजळला. “बघा हो जावईबापू. त्या आवाजाची माझी मलाच आता ओळख न्हाय राहिली. एकदा ऐकू द्या.”

मी शब्द दिला.

पंचाहत्तरीचा दिवस उजाडला. होम झाला, सासूबाईंनी पंचाहत्तर दिव्यांनी अण्णांना ओवाळलं, अण्णा नव्या धोतरात लाजत बसले. मंडळातले त्यांचे उरलेसुरले सोबती टाळ-पखवाज घेऊन आले होते, ते नुसतेच शोभेला. कारण गाणं सीडी करणार होती. वाडीभर माणसं. प्रमोद पांढरा कुर्ता घालून इकडून तिकडे, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी ‘प्रमोद, प्रमोद’. मी एका कोपऱ्यात प्लेअरची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. माझी वेळ यायची होती.

ती आली. प्रमोदनेच माइक हातात घेतला आणि म्हणाला, “आता आमचे दादा अण्णांची मूळ सीडी लावतील. जगात एकच आहे, आणि ती दादांनी जपली म्हणून राहिली.” टाळ्या पडल्या. प्रमोदने माझं कौतुक करावं हे मला आवडलं नाही, पण टाळ्या मात्र मी घेतल्या.

मी उठलो. आधी हात धुतले. मग पेटीतून फडक्यासकट आणलेली डबी सोडवून वर धरली, सगळ्यांना दाखवली, आणि दोन शब्द बोललो. मूळ प्रत म्हणजे काय, नक्कल म्हणजे काय, मूळ प्रतीविना नक्कल बाळगणाऱ्याला तोंड का नाही. (वंदना म्हणते दोन शब्द नव्हते, पंगतीची वेळ टळून गेली होती.) आणि मग मी डबी उघडली.

आत काहीच नव्हतं.

मधली बटणाएवढी खुंटी तेवढी होती. मी डबी उलटी केली. कव्हरचा कागद काढून बघितला. कव्हरवर तरुण अण्णा टाळ वाजवत होते, बाकी सामसूम.

“काय झालं?” वंदना म्हणाली.

“सीडी नाही.”

बायकांच्या बाजूला माझी आई बसली होती. तिने शांतपणे विचारलं, “कुटली? अण्णांची? ती वालात हाय.”

“कुठे?”

“वालात. आपल्या शेतात. पोपट लय झालं होतं यंदा. शेंगा ठेवीनात. मग म्या त्या चकत्या बांधल्या काठ्यांना. चमकतात कनी.”

भाताची कापणी झाली की आमच्याकडे त्याच ओलीवर वाल पेरतात, आणि पाखरं भ्यावीत म्हणून लोक जुन्या सीडी टांगतात. सगळे टांगतात. पण जुन्या!

“आई, त्या मूळ प्रती होत्या.”

“मंग? तू त्या कदी लावतोस का? न्हाय. इतकी वर्सं मी बगतेय. चांगल्या त्या मशिनीत घालतोस, ऐकतोस. त्यांना मी हात न्हाय लावला. बिगाडलेल्या तेवड्या पेटीत, फडक्यात. मेल्याला गुंडाळतात तशा. म्या म्हटलं, पोराचा जीव व्हत न्हाय टाकायला, तर निदान कामाला तरी येतील.”

“पेटीतल्या सगळ्या?”

“सगळ्या. तुजा तो कालेजचा कागद ठिवलाय. तो चमकत न्हाय.”

वाडीत हसू फुटलं. पखवाजवाले बुवा तर पखवाजावरच पालथे पडले. मी अण्णांकडे बघायचं टाळत होतो, पण त्यांचा आवाज आलाच.

“म्हंजे माझा आवाज वालात टांगलाय?”

“पोपट न्हाय येत पण,” आई म्हणाली.

“व्हय? बरंय,” अण्णा म्हणाले. “आजवर माझ्या गाण्याने मानसं पळायची, आता पाखरं पळतात.” पण हे म्हणताना ते हसत नव्हते. त्यांनी डबीवरचा आपला फोटो हातात घेतला आणि त्याच्याकडेच बघत बसले.

इतक्यात प्रमोदने माझ्या प्लेअरचं झाकण उघडलं. “दादा, ह्यात आहे एक.”

होतीच. रोजची, माझ्या ऐकण्यातली. तिच्यावर माझ्याच अक्षरात ठळक लिहिलेलं: ‘अण्णा. नक्कल. फक्त घरगुती वापरासाठी.’ प्रमोदने ते मनातल्या मनात वाचलं. शेजारच्यांनी मोठ्याने वाचलं.

“मग लावा की तीच,” सासूबाई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. पाच मिनिटांपूर्वी याच माइकवर मी काय काय बोललो होतो, ते त्यांच्या चेहऱ्यांवर जसंच्या तसं दिसत होतं. त्यात ते पुण्याचं जोडपंही होतं, मुद्दाम कार्यक्रमासाठी आलेलं.

प्रमोदने त्या क्षणी ‘लावा हो दादा, काय होतंय’ असं म्हटलं असतं, तर मी लावली असती, आणि जन्मभर त्याला दोष दिला असता. पण तो काय म्हणाला?

“नाही. दादांनी नियम सांगितलाय, तो सगळ्यांना सारखा. मी माझ्या पुसल्या ना? चला दादा, मूळ आणू.”

इतका चांगुलपणा माणसाने चारचौघांत दाखवू नये. समोरच्याला फार लागतं.

त्याच्या जीपमधून आम्ही चौलला निघालो. मागच्या सीटवर पुण्याचं जोडपं, त्यांना ‘बघायचं होतं’. रस्ता वळला आणि शेत दिसलं. माझा सगळा संग्रह उन्हात चमचम करत होता. काठ्याकाठ्यांवर, नायलॉनच्या तंगुसाला बांधलेला, वाऱ्यावर गरगरणारा. पहिल्या पगाराची बांधाशेजारी, दिवाळीच्या बोनसची विहिरीजवळ.

“काय भारी दिसतंय,” बाई म्हणाल्या आणि फोटो काढायला लागल्या. “प्रमोददादा, ही कल्पना तुमची का?”

मी वालात शिरलो. अण्णांची कोणती, ते ओळखायला प्रत्येक चकती धरून, थांबवून वाचावी लागत होती. एक वाचेपर्यंत बाकीच्या डोळ्यांत ऊन मारायच्या. मी दोनदा वेलींत अडकून पडलो. प्रमोद पांढऱ्या कुर्त्यानिशी दुसऱ्या टोकाने शिरला होता. त्याची हाक आली, “दादा, सापडली!”

अर्थातच त्यालाच सापडली. माझी सीडी, माझं शेत, माझी आई, आणि सापडली कोणाला?

मी जवळ गेलो. काठीच्या टोकावर एक पोपट बसला होता आणि अगदी निवांतपणे शेंग सोलत होता. त्याच्या पायाखाली अण्णा गरगरत होते. चकतीवर पाखरांनी आपली सहीही केली होती.

नागावला परतल्यावर मी ती साबणाने धुतली. फडक्याने पुसली. बाबांसारखीच, एका बोटाने उचलली आणि प्लेअरमध्ये ठेवली.

आधी खरखर. मग टाळ. आणि मग आवाज आला, स्वच्छ, चढा. अण्णा खुर्चीत पुढे सरकले. तोंड थोडं उघडं राहिलं. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, जमलं. जन्माचं सार्थक झालं.

“देवा, आता,” आवाज म्हणाला. “आता. आता. आता. आता.”

मी प्लेअरवर टिचकी मारली. “आता. आता.” मी चकती काढली, पुसली, पुन्हा लावली. पुन्हा तिथेच. उन्हाने की पाखरांनी, नेमकी तीच जागा खाल्ली होती. मी बटणांशी झटत होतो, घाम फुटला होता, आणि अण्णा मागून ओरडले:

“अरे गाढवा, थांब. मी म्हणतो पुढचं.”

मी थांबलो. अण्णांनी डोळे मिटले आणि सीडीने सोडलेल्या जागेवरून उचललं. आवाज तसा राहिला नव्हता. वर जाताना फाटत होता, मध्येच दम लागत होता. पण पखवाजवाले बुवा सरसावले, टाळ उठले, म्हातारे एकेक करून मागे धरू लागले. इतका वेळ शोभेला आणलेलं मंडळ गायला लागलं आणि थांबेचना. जेवणं निवली. कोणी उठलं नाही. आई टाळ्यांचा ठेका धरून बसली होती आणि मध्येच शेजारणीला सांगत होती, “माझ्या वालातली हाय ती.”

मी मात्र प्लेअरजवळ जमिनीवर बसून होतो. अण्णांनी मला ‘अरे’ म्हटलं होतं! त्यावर ‘गाढवा’ही दिलं होतं, वर जोडून. प्रमोदला कधी गाढव म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी मनातल्या मनात एक गुण स्वतःला दिला आणि सुखाने मान वर केली.

समोर प्रमोद मोबाइल धरून उभा होता. सगळं रेकॉर्ड करत होता. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, अण्णांना विचारून, मंडळातल्या बुवांना विचारून, रीतसर परवानगी घेऊन.

म्हणजे आता अण्णांच्या आवाजाची मूळ प्रत जगात एकाच ठिकाणी होती. प्रमोदच्या मोबाइलमध्ये.

त्याने अडवून ठेवली असती, नियम सांगितले असते, तर मला किती बरं वाटलं असतं! पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत ती घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर आली होती. माझ्या मोबाइलवर तिच्यासोबत एक निरोपही होता: ‘दादा, ही तुमची नक्कल. मूळ माझ्याकडे जपून ठेवलीय. निर्धास्त ऐका.’ पुढच्या रविवारी सासरी पंगत बसली, तेव्हा मधली तुकडी माझ्या ताटात पडली. प्रमोदनेच आपल्या ताटातून उचलून ठेवली होती. त्यामुळे तिला चव लागली नाही.

बाकीच्या सीडी अजून वालातच आहेत. शेंगा संपेपर्यंत आई सोडायला तयार नाही, आणि शेजारणीला तिच्या पावट्यासाठी चार हव्या आहेत. त्या मी देऊ शकत नाही. मूळ प्रत दुसऱ्याकडे गेली, तर घरातल्या नकलांचं काय? म्हणून रोज संध्याकाळी कॉलेजातून आलो की मी बांधावर उभा राहून माझा संग्रह जागेवर आहे ना ते बघतो. कायद्यात मूळ प्रत पेटीतच हवी असं कुठे म्हटलेलं नाही. पोपट आता मला ओळखतात.

आणि प्रमोदने पाठवलेलं ते गाणं मी अजून उघडलेलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. ते मी वंदनाच्या मोबाइलवर ऐकतो. नक्कल तिची आहे, लावतेही तीच. मी फक्त शेजारी बसलेला असतो, रोज, आणि ‘आवाज जरा वाढव’ एवढंच म्हणतो.